लिमिट येईपर्यंत

आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी. त्या वर्षी पट ५८ होता आणि शिक्षक दोन. पट १५० च्या वर गेल्याशिवाय मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळत नाही, म्हणून दोघांतले सेवाज्येष्ठ सर प्रभारी. तिसरी-चौथीचे वर्ग घ्यायचे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब ठेवायचा, टपालं पाठवायची आणि उरलेल्या वेळात शाळेचा कारभार बघायचा, असं त्यांचं काम. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले आणि सरकारचा पैसा शाळेपर्यंत कसा येतो ते पहिल्यांदा जवळून बघायला मिळालं.

समिती शिक्षण हक्क कायद्याने आलेली आहे. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा, मुख्याध्यापक सदस्य सचिव, मुदत दोन वर्षं. आमच्या गावात अध्यक्ष म्हणजे १५ ऑगस्टला नारळ फोडणारा माणूस एवढीच समजूत. पालकसभेत माझं नाव आलं ते मी बचत गटाची सचिव म्हणून. "वहिनींना वही लिहिता येते, त्यांनाच करा," असं कुणीतरी म्हणालं आणि चहा आला. पुढे कित्येक महिने कागद घेऊन गेलं की "मिस्टरांना पाठवा ना सहीला" हे ऐकावं लागलं, ते वेगळंच. सही माझी, मिस्टर येऊन काय करणार?

आधी पैशांच्या वाटा समजून घेतल्या. शिक्षकांचा पगार शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यावर जातो, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. पुस्तकं बालभारतीची, फुकट. गणवेशाला मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये. पोषण आहाराचा हिशोब निराळा, त्याची रजिस्टरंही निराळी. हे सगळं वगळल्यावर शाळेने स्वतः ठरवून खर्च करावा असा पैसा म्हणजे समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. त्यात ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. रक्कम पटावर ठरते: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यापुढे हजारापर्यंत ७५,००० आणि हजारावर १ लाख. पट धरायचा तो यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेला, तोही आदल्या वर्षीचा.

आम्ही ५८ वाले, म्हणजे २५,०००. मुलामागे वर्षाला ४३१ रुपये. सरांनी हे गणित चौथीच्या पोरांकडून फळ्यावर सोडवून घेतलं होतं, भागाकाराचा सराव म्हणून.

शेजारच्या वस्तीवरच्या शाळेचा पट २७. तिला १०,०००. तिथेही छप्पर आहे, मुलांचा-मुलींचा वेगवेगळा संडास आहे, पाण्याची टाकी आहे, विजेचा मीटर आहे. पोरं निम्मी आली म्हणून छपराची गळती निम्मी होत नाही. चार पोरं जास्त असती तर त्यांना १५,००० जास्त मिळाले असते. आणि १०० पोरांच्या शाळेला आमच्याएवढेच २५,०००. हे टप्पे ज्याने पाडले त्याने हिशोबाची सोय पाहिली, हे मान्य. पण शाळेचा निम्मा खर्च पोरांच्या संख्येवर नसतोच, तो इमारतीचा असतो, आणि तो धरायला या तक्त्यात जागाच नाही.

पैसा शाळेच्या खात्यात येतो हेही आता जुनं झालं. २०२१ च्या जुलैपासून पद्धत बदलली. योजनेचं राज्यात एकच मुख्य खातं, त्याच्याखाली शाळांची शून्य शिलकीची खाती. पासबुकात कायम शून्य. वरून पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर शाळेच्या नावाने खर्चाची मर्यादा टाकतात, तिला सगळे 'लिमिट' म्हणतात. तुम्ही खर्च टाकलात की तेवढीच रक्कम मुख्य खात्यातून थेट दुकानदाराला जाते. ३१ मार्चला जे खर्ची पडलं नाही ते गेलं. पूर्वी गावोगावच्या शाळांच्या खात्यांत पैसे वर्षानुवर्षं पडून राहायचे. ते थांबलं, आणि ते बरंच झालं असं बचत गटाचा हिशोब ठेवणारी बाई म्हणून माझं मत आहे. पण आधी पडून असलेल्या पैशातून जूनमध्ये खडू आणता यायचे, आता जूनमध्ये खात्यावर खरोखरच काही नसतं.

माझा पहिला महिना सही बदलण्यात गेला. खातं मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचं. जुन्या अध्यक्षांची सही काढून माझी लावायची तर समितीचा ठराव, नव्या समितीची यादी, माझं आधार, पॅन, फोटो, वर केंद्रप्रमुखांचं, म्हणजे आसपासच्या शाळा बघणाऱ्या अधिकाऱ्यांचं, पत्र. पॅनवर माझं नाव माहेरचं होतं. तिथे गाडी अडली. राजपत्राची जाहिरात वगैरे नको म्हणून शेवटी पॅनच दुरुस्त करून घेतलं, त्यात आणखी दिवस गेले. ज्यांचं एका कागदावर एक नाव आणि आधारवर दुसरंच अशा बायका समितीत असतील त्यांनी निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हे काम हातात घ्यावं. सही बदलत नाही तोवर लिमिट आली तरी तिचा उपयोग नाही.

तोवर शाळा कशावर चालते? हा प्रश्न मी सरांना सरळ विचारला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक साधी शंभर पानी वही काढली. त्यात जूनपासूनची यादी होती. खडू, झाडू, फिनेल, हजेरीपटाच्या वह्या, झेरॉक्स, टाकीचा व्हॉल्व्ह, प्रिंटरची शाई. काहींच्या पुढे 'स्वतः' लिहिलेलं, काहींच्या पुढे गावातल्या किराणा-जनरल दुकानदाराचं नाव. 'स्वतः' म्हणजे सरांनी खिशातून दिलेले. दुकानदाराचं नाव म्हणजे उधार. मी पान उलटत गेले. मागच्या वर्षीच्याही काही ओळी कोऱ्याच होत्या, म्हणजे ते पैसे सरांना मिळालेच नव्हते. "बिल हातचं होतं, जीएसटीचं नव्हतं. लावता आलं नाही," एवढंच ते म्हणाले. शाळेला पैसा कुठून येतो याचे जेवढे तक्ते असतील त्यांत शिक्षकाचा खिसा आणि दुकानदाराची वही हे दोन रकाने कुणी काढलेले मी अजून पाहिलेले नाहीत.

सगळ्यात मोठी ओळ विजेची होती. शाळेचं बिल घरगुती दराने येत नाही, सार्वजनिक सेवा म्हणून वेगळा वर्ग आहे. मे महिन्यात शाळेला कुलूप असलं तरी स्थिर आकार चालूच राहतो. थकबाकी ८,७४० झाली होती आणि मीटरवरून वायर काढून नेली होती. गावाने दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून मोठा टीव्ही घेतला होता, डिजिटल शाळा म्हणून फोटोही झाले होते. त्या टीव्हीवर आता पोरींनी विणलेला रुमाल टाकलेला. लाइनमनला मी दोष देत नाही, त्याच्या हातात यादी असते. पण वर्गणी मागताना टीव्हीला लोक हात सैल सोडतात आणि बिलाचं नाव काढलं की सभा उठते, हे मी दोनदा अनुभवलं. टीव्हीवर देणगीदाराचं नाव लिहिता येतं, बिलावर कुठे लिहिणार!

कायद्यात समितीला खरं काम दिलंय ते शाळा विकास आराखड्याचं. आमच्याकडे आराखडा होता, मागच्याचीच तारीख बदललेला. सरांना म्हटलं, या वेळी आपण शाळाभर फिरून लिहू. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समितीतल्या बायका आल्या. पुरुष सदस्यांपैकी एकजण आला, तो भिंत रंगवायची म्हणत होता. बायका आधी मुलींच्या संडासाकडे गेल्या. दाराला आतून कडी नव्हती, कडीच्या जागी सुतळीचा फास होता. तो एका खिळ्याला अडकवायचा. दाराचा खालचा पत्रा गंजून हातभर उडालेला, म्हणजे बाहेरून पाय दिसणार. नळ होता पण पाइप टाकीपासून तुटलेला. चौथीतल्या एका पोरीच्या आईने मुलीला तिथेच विचारलं, "मग तू काय करतेस?" पोरगी म्हणाली, "मी जातच नाही. घरी आल्यावर जाते." सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच. त्यानंतर भिंत रंगवायचा विषय निघाला नाही.

त्याच दिवशी ओट्यावर बसून आम्ही क्रम लावला आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात ठराव म्हणून लिहिला. आधी वीज. मग स्वच्छता, कारण अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचेच असतात, आमच्यासाठी २,५००. मग संडासाचं दार, कडी, पाइप. मग दोन पंखे आणि वायरिंग, फळ्यांना रंग, रजिस्टरं. ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात, ते दोन्ही बायकांचेच घातले.

पहिली लिमिट डिसेंबरात आली, निम्मी, १२,५००. थकबाकी भरायला सरांनी आधीच स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन पैसे टाकले होते, साधं कारण असं की पाण्याची मोटार विजेवर होती आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताई हापशावरून हंडे आणून थकल्या होत्या. केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, आधी ठराव झालेला आहे, पावती शाळेच्या ग्राहक क्रमांकाची आहे, तर प्रतिपूर्ती म्हणून टाका. ८,७४० सरांना परत मिळाले. साबण, फिनेल, झाडू, टाकीची सफाई मिळून ३,१०० गेले. उरले ६६०.

आता पैसे 'देणं' कसं असतं ते सांगते, कारण नव्या अध्यक्षांना इथेच घाम फुटतो. चेक नाही, रोख तर नाहीच. पीएफएमएसवर दोन आयडी असतात, मेकर आणि चेकर. मेकरने दुकानदाराला वेंडर म्हणून नोंदवायचं, बिलाची रक्कम टाकायची. चेकरने ती तपासून मंजूर करायची. मग पीपीए नावाचा कागद निघतो. त्यावर सरांची आणि माझी सही, शिक्के, आणि तो बँकेत नेऊन द्यायचा. बँक दुकानदाराच्या खात्यावर पैसे सोडते. त्या कागदावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती टळली की कागद रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या भानगडीत अवघड काही नाही, पण एकाही पायरीवर 'नंतर बघू' चालत नाही.

संडासाच्या दाराचं काम गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याने केलं. तीन दरपत्रकं घ्यायची होती, तालुक्यातून दोन आणली, याचंच सगळ्यात कमी. त्याने दार झकास केलं, खाली फटही ठेवली नाही, कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. काम जानेवारीत झालं, पैसे मात्र दुसऱ्या लिमिटीतून द्यायचे होते. "वहिनी, दार बसवून देतो, पैसे येतील तेव्हा येतील," म्हणाला. दुकानाच्या पाटीवर त्याचं टोपणनाव, दुकानाचं बिलबुक त्याच नावाचं, आणि बँक खातं त्याच्या कागदोपत्री नावाचं. आम्ही बिलावरचं नाव टाकून वेंडर नोंदवला, तो सिस्टिमने नाकारला, कारण बँकेतल्या नावाशी जुळत नव्हतं. त्याने बिल मालकाच्या पूर्ण नावाने दिलं, पासबुकाची झेरॉक्स जोडली, तेव्हा कुठे नोंद मंजूर झाली. हे आम्ही फेब्रुवारीत करून ठेवलं म्हणून वाचलो. पेंटरचं तर त्याहून अवघड, त्याच्याकडे बिलबुकच नव्हतं. फळ्याचा रंग दुकानातून पक्क्या बिलावर घेतला, १,९५० चा, आणि फळे मोठ्या वर्गातल्या दोन पोरांच्या वडिलांनी रविवारी येऊन रंगवून दिले.

दुसरी लिमिट मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकाच वेळी. ग्रुपवर एकच संदेश, 'लिमिट आली आहे, १०० टक्के खर्च करावा, अखर्चित राहिल्यास मुख्याध्यापक जबाबदार.' तेव्हा पहिलीच्या परीक्षांची तयारी चाललेली, साइट उघडत नाही, उघडली तर ओटीपी येत नाही. गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, संगणकावर बसलेल्या मुलाभोवती शिक्षकांचा घोळका. रात्री अकराला साइट हलकी होते म्हणून सर घरून बसायचे आणि मला मेसेज टाकायचे, 'ताई, दोन झाले, एक राहिला.' ज्यांची दरपत्रकं तयार नव्हती, त्या शाळांनी काय केलं तेही मी पाहिलं. तालुक्याच्या ठिकाणच्या एकाच दुकानात जाऊन जे मिळेल ते घेतलं. एका शाळेने प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या, खुर्च्या आधीच भरपूर होत्या. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आठ दिवसांत एवढ्या पैशांचा विचार करून खर्च करा म्हटल्यावर विचार गळून पडतो, खर्च राहतो. मग ऑडिटवाले आले की विचारतात, याची गरज होती का?

आमचे कागद तयार होते. दार आणि पाइप ५,४००, पंखे-वायरिंग ३,९५०, फळ्याचा रंग १,९५०, रजिस्टरं-स्टेशनरी १,८६०. मागचे ६६० धरून लिमिट बरोबर संपली. बँकेत रांग दारापर्यंत होती, तिथे मी उभी राहिले, कारण सरांचे वर्ग होते. शिपायाने मला बचत गटाच्या रांगेकडे पाठवलं. शाळेचं काम आहे म्हटल्यावर त्याने पुन्हा मिस्टरांची चौकशी केली.

नंतर हिशोब. रोजकीर्दीला नोंद, प्रमाणकांना, म्हणजे बिलं-पावत्यांना, क्रमांक, पंख्यांची डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद, साबण-फिनेलची वापराच्या साठा नोंदवहीत, उपयोगिता प्रमाणपत्रावर दोघांच्या सह्या. माझ्या आग्रहाने एक गोष्ट वाढवली. व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर मिळालेली रक्कम आणि बाबवार खर्च लिहिला, पैशापर्यंत. लोक वाचतात. एका आजोबांनी थांबून विचारलं, "फिनेलला एवढे?" त्यांना बिल दाखवलं. ते म्हणाले, लिटरच्या बाटलीऐवजी कॅन घ्या, स्वस्त पडतं. घेतलं.

सरांच्या शंभर पानी वहीचं मात्र पूर्ण निवारण झालं नाही. त्या वर्षातल्या उधाऱ्या मिटल्या, मागच्या वर्षातल्या कोऱ्या ओळी तशाच आहेत. मागच्या आर्थिक वर्षाचा खर्च चालू वर्षात घालता येत नाही, नियम बरोबर आहे. ते पैसे समितीने वर्गणीतून द्यावेत असं मी सभेत मांडलं. सर उठून म्हणाले, विषय इतिवृत्तात घेऊ नका. घेतला नाही. पण आता जूनच्या सभेत आम्ही समितीकडूनच लोकसहभागाचे थोडे पैसे बाजूला काढतो, बचत गटासारखी वेगळी पेटी आणि वेगळी वही. लिमिट येईपर्यंत खडू-फिनेल त्यातून. सरांच्या खिशात हात घालायचा नाही, असा ठराव आहे, क्रमांकासकट.

आणि ज्याला २५ हजार पुरत नाहीत ते उरतंच. पूर्वेकडच्या खोलीचं छप्पर. पावसात तिथे दोन वर्ग एकत्र सरकवून बसवावे लागतात. ही खोली दुरुस्त होण्यापलीकडे गेलीय, तिचं निर्लेखन करून घ्यावं लागणार, म्हणजे वापरायला धोकादायक म्हणून ती अधिकृतपणे बाद करायची, मगच नवीन खोली मागता येते. बाद केल्यावर नवीन मिळेपर्यंत मधे काय, हे कुणी लिहून देत नाही. समितीत यावरून चांगलंच भांडण झालं. निम्म्यांचं म्हणणं, मोडकी का होईना, आहे ती खोली हातची घालवू नका. मी बाद करण्याच्या बाजूने होते, कारण पत्रा पोराच्या डोक्यात पडला तर ठराव कुणाच्या कामाला येणार नाही. ठराव एका मताच्या फरकाने झाला. ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव पंचायत समितीत दिलाय, अभियंते येऊन मापं घेऊन गेलेत. हात धुण्याच्या नळांची रांग मात्र ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेच्या पैशातून करून दिली, त्यासाठी फक्त सरपंचांना एकदा मधल्या सुट्टीत शाळेत बोलावून उभं करावं लागलं.